उन्हाची सावली मऊ कशी करायची: बाहेरच्या दृश्यांच्या रेंडरसाठी सविस्तर मार्गदर्शक

‘सावल्या फार कडक आल्यात, जरा मऊ करा.’ इंदूरमध्ये बंगल्यांचे, टाउनशिपचे किंवा जुन्या वाड्यांचे रेंडर (संगणकातल्या मॉडेलवरून काढलेली चित्रे) करणाऱ्या प्रत्येकाला हा शेरा पाठ असतो. तो आला की हात थेट सॉफ्टवेअरमधल्या सूर्याच्या आकाराच्या आकड्याकडे जातो. अर्ध्या अंशाचा सूर्य पाच अंशांचा होतो, सावलीच्या कडा विरघळतात, आणि तरीही चित्र पटत नाही. उलट इमारत टेबलावर ठेवलेल्या मॉडेलसारखी दिसू लागते.

कारण ‘कडक सावली’ या एका शेऱ्यात दोन वेगळ्या तक्रारी असतात. एक धारेची: सावलीची कड पट्टीने ओढल्यासारखी दिसते. दुसरी काळोखाची: छज्जाखाली, ओट्यावर, पोर्चमध्ये काही दिसतच नाही. धार सूर्याच्या आकारावर ठरते. काळोख ठरतो तो आकाशाचा प्रकाश, जमिनीवरून उसळून येणारा प्रकाश आणि एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा किती प्रकाश घेतो ते, यांवर. दहापैकी आठ वेळा क्लायंटला खटकत असतो तो काळोख, आणि आपण दुरुस्त करत बसतो धार. म्हणून आधी निदान, मग उपचार.

सूर्य नेमका केवढा

पृथ्वीवरून सूर्यबिंब साधारण ०.५३ अंशांचे दिसते. याचा व्यवहारातला अर्थ सोपा आहे: सावली पाडणारी कड जितक्या अंतरावर असेल, त्याच्या साधारण १०७व्या भागाइतकी रुंद उपच्छाया, म्हणजे सावलीच्या कडेचा धूसर पट्टा, तयार होते. कड १ मीटरवर असेल तर पट्टा जेमतेम ०.९ सेंटिमीटर, ३ मीटरवर २.८, १० मीटरवर ९.३ आणि ३० मीटरवर २८ सेंटिमीटर. हे अंतर किरणाच्या दिशेने मोजायचे. सावली तिरकस पृष्ठभागावर पडत असेल तर पट्टा त्या दिशेने आणखी ताणला जातो.

आता दक्षिणेकडच्या भिंतीवरचा ६० सेंटिमीटर बाहेर आलेला छज्जा घ्या. २१ डिसेंबरला भर मध्यान्ही इंदूरात सूर्याचा उन्नतांश, म्हणजे क्षितिजापासूनचा कोन, सुमारे ४४ अंश असतो. छज्जाची सावली भिंतीवर साधारण ५८ सेंटिमीटर खाली उतरते आणि तिच्या कडेचा धूसर पट्टा जेमतेम १ सेंटिमीटरचा असतो. म्हणजे ही सावली कडकच दिसली पाहिजे. इथे पाच अंशांचा सूर्य लावला तर तोच पट्टा १० सेंटिमीटरचा होतो, ५८ सेंटिमीटरच्या सावलीत १० सेंटिमीटर नुसता धुरकटपणा. छज्जा भिंतीपासून सुटल्यासारखा वाटतो आणि डोळा लगेच ठरवतो की इमारत फूटभर उंचीची आहे.

याच्या उलट उदाहरण संध्याकाळचे. त्याच दिवशी दुपारी चार वाजता सूर्य सुमारे २० अंशांवर उतरलेला असतो. १० मीटर उंचीच्या इमारतीची सावली २७ मीटर लांब पसरते. इमारतीच्या उभ्या कोपऱ्याची सावली जोत्यापाशी अगदी धारदार असते आणि दूरच्या टोकाला पोचेपर्यंत तिच्या कडेचा पट्टा २७ सेंटिमीटरचा होतो. वरच्या पॅरापेटची, म्हणजे गच्चीच्या कठड्याची, कड जमिनीवर जिथे पडते तिथे तर पट्टा पाऊण मीटरच्या पुढे जातो. एकाच सावलीत जोत्याशी धार आणि टोकाला विरळपणा, हीच खऱ्या उन्हाची खूण. ती आली की सूर्य कितीही प्रखर असला तरी सावली ‘कडक’ वाटत नाही.

विजेच्या तारेवरून हे झटकन तपासता येते. १ सेंटिमीटर जाडीच्या तारेची पूर्ण गडद सावली तिच्यापासून साधारण १०७ सेंटिमीटरपर्यंतच टिकते. तार ६ मीटर उंचीवर असेल तर रस्त्यावर तिची फक्त पुसट छटा पडायला हवी. रेंडरमध्ये रस्त्यावर काळी रेघ दिसली, तर सूर्याचा आकार शून्य आहे किंवा शून्याजवळ आहे. गॅलरीच्या ग्रिललाही हाच हिशेब: २ सेंटिमीटरच्या गजाची गडद सावली दोन मीटरच्या थोडे पुढेपर्यंत.

आधी सूर्य जागेवर आणा

कोनच चुकला असेल तर पुढचे सगळे हिशेब फुकट जातात. इंदूर साधारण २२.७२ अंश उत्तर आणि ७५.८६ अंश पूर्व. आपले घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालते, त्यामुळे इंदूरचे खरे मध्यान्ह सरासरीने १२ वाजून २७ मिनिटांनी येते. वर्षभरात ते पुढेमागे सरकते: फेब्रुवारीच्या मध्यात १२:४१च्या सुमारास, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१०च्या आसपास.

मॉडेलमध्ये सपाट जमिनीवर १ मीटरची काठी उभी करा. तारीख २१ डिसेंबर आणि वेळ १२:२५ ठेवा. सावली सरळ उत्तरेकडे आणि १.०४ मीटर लांब पडली पाहिजे. मग २१ मार्च, १२:३४ लावा: सावली सुमारे ४२ सेंटिमीटर. लांबी जुळली पण दिशा चुकली, तर उत्तर चुकीची लावली आहे. दोन्ही चुकले, तर बहुधा वेळक्षेत्रात साडेपाचच्या जागी पाच किंवा सहा तास बसले आहेत, नाहीतर डेलाइट सेव्हिंग चालू राहिले आहे.

इंदूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्याअखेरीस आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात मध्यान्ही सूर्य डोक्यावर येतो. शून्य सावलीचे हे दिवस बाहेरच्या रेंडरसाठी सर्वात वाईट: भिंतींवर ऊन नुसते घासून जाते आणि छज्जाची सावली पूर्ण भिंत खाते. दर्शनी भाग दाखवायचा असेल तर तारीख ऑक्टोबर ते मार्चमधली घ्या आणि वेळ अशी निवडा की सूर्य २५ ते ४५ अंशांदरम्यान राहील. निम्मी तक्रार इथेच मिटते.

फक्त सूर्य, फक्त आकाश

सगळ्या मटेरियलवर एकच करडे मटेरियल चढवा, परावर्तन ०.५, म्हणजे पडलेल्या प्रकाशातला निम्मा परत देणारे. काच आणि पाणी लपवा. दोन छोटे रेंडर काढा: एकात फक्त सूर्य, आकाश बंद, दुसऱ्यात फक्त आकाश, सूर्य बंद. पहिल्यात धार दिसेल, दुसऱ्यात काळोखाचे कारण. ‘फक्त आकाश’वाल्या चित्रात छज्जाखालचा भाग जवळजवळ काळा असेल, तर सूर्याला हात लावून काही उपयोग नाही. ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये सायकल्स या त्याच्या रेंडर इंजिनचे लाइट ग्रुप आणि व्ही-रे या दुसऱ्या रेंडर इंजिनमध्ये लाइट मिक्स वापरले की दोन्ही घटक एकाच रेंडरमध्ये वेगळे मिळतात आणि नंतर प्रमाण बदलता येते. ही सवय लावून घेण्यासारखी आहे.

मग मोजमाप. दोन करड्या चौकोनी पाट्या आडव्या ठेवा, एक उन्हात, एक भिंतीच्या सावलीत. दोन्हीकडचे पिक्सेल मूल्य वाचा, पण स्क्रीनवरचे ० ते २५५ नको. व्ह्यू ट्रान्सफॉर्म, म्हणजे स्क्रीनसाठीचे रंगरूपांतर, लागण्याआधीचे लिनियर, म्हणजे प्रकाशाच्या थेट प्रमाणातले, मूल्य हवे. निरभ्र दुपारी मोकळ्या जमिनीवर येणाऱ्या सुमारे एक लाख लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक) प्रकाशात आकाशाचा वाटा ढोबळमानाने १० ते २० हजार असतो. त्यामुळे स्वच्छ हिवाळी दिवसासाठी उन्हाच्या आणि सावलीच्या पाटीचे गुणोत्तर ५ ते ८ ला १ असे धरा. मे महिन्यातल्या माळव्याच्या धुळकट आकाशाला ३ ते ४, पातळ ढगांना २. तुमचे गुणोत्तर १५ किंवा २० आले, तर तुमच्या दृश्यात आकाशच अपुरे आहे.

धार: आकार कुठे आणि किती

ब्लेंडरच्या सन लाइटमध्ये, म्हणजे सूर्याच्या दिव्यात, अँगल हा आकडा आहे आणि नव्या सनला तो ०.५२६ अंश असतो. जुन्या फाइलमधून किंवा इम्पोर्ट होऊन आलेल्या सनला तो शून्य किंवा ११ अंशांच्या घरात सापडतो, म्हणून पहिल्यांदा तो बघा. हा आकडा वाढवला तरी एकूण प्रकाश तेवढाच राहतो, फक्त पसरतो. निशिता आकाश, म्हणजे ब्लेंडर ५.० पूर्वी या नावाने मिळणारे सूर्यासकटचे तयार आकाश, वापरत असाल तर त्याच्या आतच सन साइझ आहे, ०.५४५ अंश. व्ही-रे सनमध्ये साइझ मल्टिप्लायर १ म्हणजे खऱ्या सूर्याएवढा. अनरिअल या गेम इंजिनमध्ये डिरेक्शनल लाइटचा सोर्स अँगल ०.५३५७ असतो. एनस्केप या रिअल-टाइम रेंडररमध्ये अंश लिहिता येत नाहीत, शॅडो शार्पनेसची सरकपट्टी आहे; तिथे वरची तारेची चाचणी लावून पट्टी ठरवा.

ज्या सॉफ्टवेअरमध्ये सूर्याला आकारच नाही, तिथे दूरवर गोल एरिया लाइट ठेवतात. इथे गुणोत्तर सांभाळा: ५०० मीटरवर ४.६५ मीटर व्यासाची तबकडी ०.५३ अंशांची होते. तबकडी ५० मीटरवर आणली तर व्यास ४६ सेंटिमीटर हवा, पण मग किरण समांतर राहत नाहीत आणि दोन बंगल्यांच्या सावल्या वेगळ्या दिशांना पसरतात. शक्य तितके लांब ठेवा. खऱ्या सन लाइटला दृश्याच्या मापाशी देणेघेणे नसते, कारण तिथे कोन मोजला जातो. या तबकडीच्या जुगाडात मात्र मॉडेल इंचांचे मीटर होऊन आले की सगळे कोलमडते.

आकार वाढवायचा तो हवामान बदलायचे असेल तरच. स्वच्छ आकाशाला ०.५३ वरच थांबा. हवेत धूळ असेल तर १ ते २ अंश, आणि त्याच वेळी सूर्याची तीव्रता निम्म्याच्या आसपास आणा. कारण धूळ सावलीची कड जेवढी विरघळवते त्याहून जास्त तिचा गडदपणा कमी करते. उंचावरच्या पातळ ढगांसाठी ३ ते ५ अंश, सूर्य एक चतुर्थांश. दहा अंशांच्या पुढे गेलात तर तो सूर्य उरलाच नाही. मग सन बंद करून ढगाळ एचडीआरआय, म्हणजे प्रकाशाची खरी मूल्ये साठवलेले आकाशाचे चित्र, लावणे प्रामाणिकपणाचे.

काळोख: खरे काम इथे

आकाश. निशितामध्ये अल्टिट्यूडला इंदूरची उंची, म्हणजे साधारण ५५० मीटर द्या. एअर, म्हणजे हवेचा दाटपणा, १ ठेवा. धुळीचा आकडा हिवाळ्यात १, एप्रिल–मेसाठी २ ते ३. तो वाढला की थेट ऊन पिवळट होऊन मंदावते आणि सूर्याभोवतीचे आकाश उजळते. सन इंटेन्सिटी १ हे भौतिक प्रमाण आहे, ते ०.५ केले की ऊन आणि आकाश यांचे गुणोत्तर थेट बदलते. सावलीचा काळोख हटवण्याचा हा सर्वात सरळ आकडा, पण ०.४ च्या खाली गेलात तर ऊन मेलेले दिसेल. या आकाशाचे मूल्य फार मोठे असते, त्यामुळे पहिल्यांदा सगळे पांढरे फटक येईल, स्ट्रेंग्थ ०.१ च्या आसपास आणा किंवा एक्स्पोजर तीन-चार स्टॉप (एक स्टॉप उतरला की प्रकाश निम्मा) उतरवा. व्ही-रेमध्ये हेच काम टर्बिडिटी, म्हणजे हवेचा गढूळपणा, करते: २ ते ३ स्वच्छ, ४ ते ६ धुळकट.

जमीन. याकडे सर्वात कमी लक्ष जाते आणि फरक सर्वात जास्त पडतो. छज्जाच्या तळाला, पोर्चच्या छताला, झरोक्याच्या कमानीला आकाश दिसतच नाही. तिथे पोचतो तो समोरच्या जमिनीवर पडलेल्या उन्हाचा उसळून आलेला प्रकाश. समोर डांबरी रस्ता असेल, परावर्तन ०.१, तर तळ काळाच राहणार. तिथे फिकट पेव्हर ब्लॉक, परावर्तन ०.३५, आले की तळावर साडेतीन पट प्रकाश पोचतो. माळव्याची काळी माती डांबराइतकीच कंजूस आहे. वाळलेले गवत ०.२५ पर्यंत देते.

यात दोन चुका कायम होतात. पहिली, प्लॉट संपला की जमीन संपते. निशिता आकाश क्षितिजाखाली काळे असते, म्हणजे तुमचा बंगला काळ्या पोकळीत तरंगतो आणि खालून काहीच उसळत नाही. चारी बाजूंना दोनशे-तीनशे मीटर जमीन पसरवा, मातकट रंगाची. समोरच्या घरांऐवजी फिकट पेट्या उभ्या करा. कॅमेऱ्यात येत नसल्या तरी त्यांच्या भिंती सावलीत प्रकाश फेकतात. सुदामानगर किंवा टिळकनगरच्या गल्लीत समोरच्या पिवळट भिंतीमुळेच ओटा उजळतो, हे तिथे उभे राहून पाहता येते. व्ही-रेमध्ये आकाशासाठी ग्राउंड आल्बेडो, म्हणजे जमिनीचे परावर्तन, वेगळा रंग म्हणून देता येतो, तोही तपासा.

दुसरी चूक उलटी आहे: भिंतीचा पांढरा ० ते २५५ च्या मापात थेट २५५ ठेवणे. खरा ताजा चुनासुद्धा ०.८ च्या आसपास थांबतो, म्हणजे २३० च्या जवळ. २५५ दिला की प्रकाश भिंतींमध्ये उसळतच राहतो, सावल्या दुधाळ होतात आणि त्या सावरायला आपण पुन्हा सूर्य वाढवतो. डांबराला ९० च्या जवळपासचा करडा पुरे. शून्याजवळचा काळा कुठल्याच बांधकाम साहित्याला देऊ नका.

इंदूरच्या राजवाड्यासारख्या दर्शनी भागात हे एकत्र दिसते. सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी, वरचे लाकडी. गडद लाकूड थोडाच प्रकाश परत देते, त्यामुळे वरच्या झरोक्यांतला काळोख खरा आहे. तो पूर्ण पुसला तर लाकडाचे प्लास्टिक होते. सायकल्समध्ये डिफ्यूज बाउन्स, म्हणजे पृष्ठभागांवरून प्रकाशाच्या उसळ्या, मुळात ४ असतात. अशा खोल कोनाड्यांसाठी ६ करा. त्यापुढे वाढवून फारसे काही हाती लागत नाही, वेळ मात्र जातो.

आणि एक्स्पोजर. उन्हाचे प्रमाण छायाचित्रकारांना माहीत आहे: आयएसओ १००, एफ १६, शटर १/१००. व्ही-रेच्या भौतिक कॅमेऱ्यात एफ ८, १/२०० ठेवले तर साधारण एक स्टॉप जास्त प्रकाश मिळतो आणि पांढऱ्या भिंती जळायच्या आत बहुतेक दृश्यांना तो पुरतो. ब्लेंडरमध्ये व्ह्यू ट्रान्सफॉर्म स्टँडर्डवर असेल तर उजेड आधी कापला जातो, मग तो वाचवायला आपण एक्स्पोजर उतरवतो आणि सावल्या बुडतात. एजीएक्स, किंवा ४.० पूर्वीच्या आवृत्तीत फिल्मिक, लावा. फक्त एवढ्याने ‘सावली मऊ झाली’ असे क्लायंट म्हणतो.

सावलीचा निळेपणा घालवू नका. आकाशाखालची मोकळी सावली निळसर असते आणि भिंतीजवळची, उसळलेल्या प्रकाशाची, उबदार. हा रंगाचा फरक राहिला तर सावली गडद असूनही हवेशीर वाटते.

झाडाखालचे कवडसे

झाडाची सावली हा सूर्याच्या आकाराचा सर्वात सुंदर पुरावा. पानांमधल्या बारीक फटीतून आलेला प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याचीच प्रतिमा असते, फट त्रिकोणी असो की वेडीवाकडी. ८ मीटर उंचीवरच्या फटीतून, सूर्य ६० अंशांवर असताना, जमिनीवर साधारण साडेआठ सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर लांब लंबगोल पडतो. हे लंबगोल एकमेकांवर चढतात, कुठे उजळ, कुठे अंधूक. सूर्याचा आकार शून्य असेल तर त्याजागी पानांची कात्रणे दिसतात, आणि नेमके तेच ‘कॉम्प्युटरचे’ वाटते.

यासाठी झाडात खऱ्या फटी हव्यात. कडुनिंबाची पाने बारीक, कवडसे भरपूर. वडाखाली सावली दाट, कवडसे मोजके. दोन्हीसाठी एकच झाड वापरू नका. पाने चौकोनी कार्डांवरच्या पारदर्शक चित्रांची असतील तर सायकल्समध्ये ट्रान्सपरंट बाउन्स, म्हणजे किरण ओलांडू शकेल असे पारदर्शक थर, मुळात ८ असतात. दाट झाडात किरण आठ कार्डे ओलांडतो, मर्यादा संपते आणि फट असूनही जागा काळी होते. २४ ते ३२ करा. पानाच्या मटेरियलमध्ये ट्रान्सलुसंट, म्हणजे अर्धपारदर्शक, भाग २५ ते ३० टक्के द्या, म्हणजे पानातून गाळून आलेला हिरवट प्रकाश खाली पोचतो आणि झाडाखालचा काळोख आपोआप सुटतो.

पावसाळी आकाशाचे तुटक ऊन हवे असेल तर सूर्यासमोर वर एक छिद्रांचा पडदा ठेवतात. हिशेब विसरू नका: खरा ढग १ किलोमीटर उंच असेल तर त्याच्या सावलीच्या कडेचा पट्टा ९ मीटरांचा असतो. तुमचा पडदा १०० मीटरवर असेल तर पट्टा मीटरभरही येणार नाही, म्हणून त्यावरचे नॉइज टेक्स्चर, म्हणजे छिद्रे ठरवणारी वेडीवाकडी नक्षी, आधीच पसरट आणि धूसर ठेवा.

काय बिघडते

जोडसावली. एकाच खांबाच्या दोन सावल्या दिसल्या तर दृश्यात दोन सूर्य आहेत: निशिताची सन डिस्क चालू आणि वर वेगळा सन लाइट, किंवा एचडीआरआयमध्ये सूर्य आणि तुमचा सूर्य वेगळ्या दिशेला. एक बंद करा. एचडीआरआय ठेवायची असेल तर तिच्यातला सूर्य पुसा किंवा ती फिरवून दोन्ही दिशा जुळवा. पुष्कळ एचडीआरआयमध्ये सूर्याची तीव्रता वरच कापलेली असते. त्यांच्याकडून कधीच नीट सावली मिळत नाही, तिथे वेगळा सूर्य लागतोच.

गोल पृष्ठभागावर पायऱ्या. इंदूरमधल्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांसारखे शिखर किंवा घुमट कमी पॉलिगॉनचा, म्हणजे थोड्याच सपाट तुकड्यांचा, करून वर स्मूथ शेडिंग लावले, की उजेड आणि सावली जिथे भेटतात तिथे दातेरी काळे पट्टे येतात. सूर्य मोठा केला तर ते झाकले जातात, म्हणून अनेकजण तोच मार्ग धरतात. योग्य उपाय म्हणजे पॉलिगॉन वाढवणे. ते जमत नसेल तर ब्लेंडरमध्ये त्या ऑब्जेक्टच्या शेडिंग विभागातला शॅडो टर्मिनेटरचा जिऑमेट्री ऑफसेट थोडा वाढवा.

दाणेदार उपच्छाया. पट्टा जितका रुंद, तितके नमुने (सॅम्पल, म्हणजे दर पिक्सेलमागे सोडलेले किरण) जास्त लागतात. नॉइज थ्रेशोल्ड ०.०१ वर ठेवा आणि कवडशांचे दृश्य असेल तर किमान ५१२ सॅम्पल द्या. कमी सॅम्पलवर डिनॉइझर, म्हणजे दाणे पुसणारे साधन, लावला की तो कवडसे एकमेकांत कालवतो, जमिनीवर तेलाचे डाग पडल्यासारखे. डिनॉइझरला आल्बेडो (मूळ रंग) आणि नॉर्मल (पृष्ठभागाची दिशा) यांचे पास, म्हणजे वेगळे काढलेले थर, दिले तर पोत वाचतो, कवडसे मात्र फक्त सॅम्पलनेच वाचतात.

रिअल-टाइममध्ये

वॉकथ्रू किंवा ब्राउझरमधल्या मॉडेलमध्ये सहसा किरण सोडले जात नाहीत. सूर्याच्या नजरेतून कोणती वस्तू किती अंतरावर आहे याचा एक नकाशा (डेप्थ मॅप) काढला जातो. लान्स विल्यम्स यांनी १९७८ मध्ये मांडलेली हीच शॅडो मॅप पद्धत. इथे मऊपणा आणण्याआधी नकाशा पुरेसा बारीक हवा. ४० मीटरचा प्लॉट ५१२ पिक्सेलच्या नकाशात बसवला तर एक पिक्सेल जवळपास ८ सेंटिमीटरचा. २०४८ केला तर २ सेंटिमीटर. छज्जाच्या १ सेंटिमीटरच्या कडेला हेही कमीच, म्हणून सूर्याच्या कॅमेऱ्याची चौकट प्लॉटला घट्ट बसवा, अख्ख्या कॉलनीला नको. ब्राउझरसाठीच्या थ्री-जेएस लायब्ररीत ही चौकट मुळात १० एककांचीच असते. त्यापलीकडे सावल्या गायब झाल्या तर कारण तेच.

नेहमीचे पीसीएफ गाळण, म्हणजे नकाशातल्या शेजारच्या पिक्सेलांच्या निकालांची सरासरी, सगळीकडे सारखा मऊपणा देते: जोत्यापाशीही तेवढाच, टोकालाही तेवढाच. अंतरानुसार मऊपणा हवा असेल तर २००५ मध्ये रँडिमा फर्नांडो यांनी मांडलेली पीसीएसएस पद्धत वापरा. ती आधी आडोसा किती दूर आहे ते शोधते आणि त्यानुसार गाळणीची रुंदी ठरवते. व्हीएसएम (व्हेरियन्स शॅडो मॅप) हा प्रकार स्वस्तात मऊ कडा देतो, पण एकामागे एक आडोसे आले की सावलीच्या आत प्रकाश गळतो. जाळीमागे खोली असलेल्या वाड्यात हे हमखास होते.

बायस, म्हणजे तुलनेआधी नकाशातले अंतर किंचित सरकवणारा आकडा, जपून वापरा. कमी पडला तर भिंतीवर पट्टेदार चट्टे, जास्त झाला तर खांबाच्या पायापासून सावली सुटते. आधी नॉर्मल बायस वाढवा, साधा बायस शेवटी.

रेंडरनंतर

शॅडो पास, म्हणजे फक्त सावल्यांचा थर, वेगळा काढून त्यावर सरसकट ब्लर मारू नका. जोत्याची, पायरीची, कुंडीच्या बुडाची धार त्यात जाते आणि वस्तू जमिनीवरून उठतात. उजळपणा वाढवायचा असेल तर लाइट ग्रुपमधला आकाशाचा हिस्सा १.२ ते १.५ पटीने वाढवा. कर्व्हने सावल्या उचलल्या तर सोबत दाणे आणि राखाडीपणाही उचलला जातो.

चित्र होर्डिंगवर जाणार असेल, इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावरच्या साइटसाठी बहुतेक वेळा जातेच, तर फ्लेक्सच्या छपाईत गडद भाग आणखी भरतात. स्क्रीनवर ज्या सावलीत तपशील दिसायला हवा तिचे मूल्य २५५ पैकी ३० च्या खाली जाऊ देऊ नका. पूर्ण छपाईआधी त्याच मशीनवर फूटभराची पट्टी काढून घ्या. पट्टीत छज्जाचा तळ, पोर्चचे छत आणि झाडाखालचा एक तुकडा आला पाहिजे. ती पट्टी बाहेर उन्हात धरून पाहा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ती हमखास वेगळी दिसते.